पलटणीची गोष्ट आधी संपू दे

चि. पोरी,
अनेक आशीर्वाद.

तू पाठवलेल्या, जुन्या सैनिकांच्या मुलाखतींच्या पाचही फायली ऐकल्या. तुझ्या आजोबांनी आणि त्यांच्या चार पेन्शनर मित्रांनी एकच गोष्ट सांगितली म्हणून तू वैतागलीस. "सर, सगळे पाठ केल्यासारखं बोलतात," असं लिहिलंस. बरोबर लिहिलंस. पाठच आहे ते.

1971 च्या बांगलादेश युद्धात, डिसेंबरात, आपल्या सैन्याच्या ब्रिगेडियर क्लेर यांनी तेव्हाच्या पूर्व पाकिस्तानातल्या जमालपूरच्या पाकिस्तानी तळाला शरण या म्हणून चिठ्ठी लिहिली. मुक्तिवाहिनीतल्या, म्हणजे बांगलादेशी स्वातंत्र्यसैनिकांतल्या, मुन्शींनी ती सायकलवरून नेली. तिथल्या 31 बलुच या पाकिस्तानी पलटणीच्या लेफ्टनंट कर्नल सुलतान महमूदनं उत्तर धाडलं ते बंदुकीच्या गोळीभोवती गुंडाळून. लेखणी चांगली चालते तुमची, पुढच्या खेपेला हातात स्टेनगन घेऊन भेटा, असा त्याचा रोख. मग 10 तारखेच्या रात्री त्याची माणसं जमालपुरातून निसटायला निघाली ती नेमकी आपल्या पहिल्या मराठा लाइट इन्फन्ट्रीच्या, म्हणजे जंगी पलटणीच्या, मोर्चांवर येऊन आदळली. उजाडेपर्यंत सगळं संपलं होतं.

गोष्ट खरी आहे. पण ती पलटणीची आहे. बडाखान्यात (पलटणीच्या मेजवानीत), रेझिंग डेला म्हणजे स्थापनादिनाला, नव्या रंगरुटांपुढं पन्नासहून जास्त वर्षं सांगून सांगून ती घोटीव झाली आहे. तुझे आजोबा तेव्हा शिपाई होते, नदीपलीकडं खंदकात बसलेले. ती चिठ्ठी त्यांच्या नजरेला कुठून पडणार? तरी ते म्हणतात, "आम्हाला गोळी पाठवली त्यानं." आम्हाला! चाळीस वर्षं व्याकरण शिकवलं म्हणून असेल, पण माझं लक्ष सर्वनामाकडं जातं. तुझ्या पाचही फायलींत "मी" हा शब्द जवळजवळ नाहीच. तो येईपर्यंत थांबायचं असतं. तू मात्र गोष्ट संपली की मोबाइल उचललास. 22 मिनिटं, 19 मिनिटं, 24 मिनिटं. चहासुद्धा दुसऱ्यांदा झाला नसेल.

पलटणीची गोष्ट मधे तोडू नकोस. ती सांगण्याचा त्यांना हक्क आहे आणि ती सांगून झाल्याशिवाय पुढचं दार उघडत नाही. पूर्ण होऊ दे, आणि मग अगदी बारीक काहीतरी विचार. खंदकात जोडीला कोण होतं? त्याचं गाव कुठलं? नदी उतरताना बूट भिजले ते वाळले कधी? "त्या वेळी तुम्हाला काय वाटलं?" हा टीव्हीवाल्यांचा प्रश्न. त्याला "देशासाठी केलं" एवढंच उत्तर मिळतं आणि ते उत्तर त्यांना आधीच पाठ असतं. मी एका हवालदारांना विचारलं होतं, खिशात काय होतं? म्हणाले, "शक्करपारे. भिजून लगदा झाला. तोच पहाटे बोटानं चाटून खाल्ला, आणि खाताना कळलं की हात थरथरतोय." एवढं सांगून ते बराच वेळ तळहाताकडं बघत बसले. मी काही बोललो नाही, तेवढं मात्र नशिबानं जमलं.

आणखी एक खूण सांगतो. बोलता बोलता मराठी सुटून हिंदी सुरू झाली, "साबने बोला, हिलना मत" असं काही आलं, की समज, माणूस तिथं पोचला. ते हिंदी तसंच उतरव. तू तुझ्या टिपणात त्याचं शुद्ध मराठी केलंयस, "साहेबांनी हलू नका असे सांगितले." शाळेच्या वहीत शोभेल ते.

जायच्या आधी डिस्चार्ज बुक मागून घे. ट्रंकेत तळाशी, प्लॅस्टिकच्या पिशवीत असतं. भरती कधी, कुठली पलटण, कुठं कुठं नोकरी, पदकं कुठली, सगळं त्यात सापडतं. 'पूर्वी स्टार' नावाचं पदक असेल तर माणूस 71 ला पूर्वेला होता, 'पश्चिमी स्टार' असेल तर पश्चिम आघाडीवर. जन्मतारखेवर मात्र विसंबू नकोस. 1 जून दिसली की माझ्यासारख्या एखाद्या मास्तरानं शाळेत नाव घालताना ठोकून दिलेली समज. आणि भरतीसाठी वय वाढवून सांगितलेलेही कमी नाहीत. कुठला कान चांगला ऐकतो तेही आधी विचारून घे आणि त्या बाजूला बस. पंखा बंद कर, फायलींत त्याची घरघरच जास्त आहे.

हो, आणि रिकाम्या हातानं जाऊ नकोस. पेढ्यांचं नाही म्हणत मी. स्पर्शवर, म्हणजे पेन्शनच्या संकेतस्थळावर, हयातीचा दाखला भरायचा असतो, कॅन्टीनचं कार्ड अडलेलं असतं, ईसीएचएसचा (माजी सैनिकांच्या दवाखाना-योजनेचा) कागद कुणाला वाचता येत नसतो. ते काम आधी करून दे. त्यांच्या अंगठ्याचा ठसा मशीनवर उमटेना म्हणून चार वेळा बोट पुसत बसलीस, की त्या अर्ध्या तासात जे निघेल ते रेकॉर्डर समोर ठेवून निघणार नाही.

आता माझी चूक ऐक, म्हणजे तू तरी ती करणार नाहीस. बारा-तेरा वर्षांपूर्वीची गोष्ट. जमालपूरचेच एक नायक, वय सत्तरीच्या आसपास. दोन तास रंगून बोलले. म्हणाले, "मास्तर, अवसेची रात्र. स्वतःचा हात दिसत नव्हता. नुसती चाहूल, पानांवर पाय पडल्याची." मी घरून पंचांग बघून गेलो होतो. लगेच म्हणालो, "नाना, अमावास्या त्यानंतर आठवड्यानं होती." ते थांबले. पानाचा डबा बंद केला. "मग तुमास्नी सगळं म्हाईतच हाय की," म्हणाले, आणि उठून जनावरांकडं गेले. परत दोनदा गेलो. चहा मिळाला, बोलणं नाही.

पुढं कितीतरी दिवसांनी, गोकुळाष्टमीला जागत बसलो असताना डोक्यात प्रकाश पडला. 2 तारखेची पौर्णिमा, म्हणजे 10 ची रात्र वद्य अष्टमीच्या आसपासची. अष्टमीचा चंद्र उगवतो मध्यरात्रीच्या सुमारास. ज्या घटकेला ते खंदकात कान लावून बसले होते, त्या घटकेला आभाळात चंद्र नव्हताच. त्यांचा अंधार खरा होता, फक्त नाव त्यांनी अवसेचं दिलं होतं. हे सांगायला मी गेलो तेव्हा त्यांचा फोटो भिंतीवर लागला होता.

तेव्हा तारखा चुकल्या तर चुकू देत. मनात खूण कर, घरी येऊन ताडून बघ, टिपणात खाली लिही. तोंडावर दुरुस्त करू नकोस.

तुझ्या दुसऱ्या फायलीत मागं एका बाईचा आवाज आहे. "काय बी सांगू नका, तवा तुम्ही सुट्टीवर व्हता," असं ऐकू येतं. आजी ना ती? तिची फाइल कुठाय? मनीऑर्डर कुठल्या महिन्यात आली नाही, 99 एपीओचं, म्हणजे लष्करी टपालातून आलेलं, पत्र किती दिवसांनी आलं, तारवाला गल्लीत शिरला की कुणी कुणी दारं लावून घेतली, हे सगळं तिच्यापाशी आहे. माझी आई निरक्षर. वडिलांची पत्रं मी वाचून दाखवायचो. तिसरी-चौथीत असेन. "इकडील सर्व ठीक" एवढं वाचलं की ती म्हणायची, "पुन्हा वाच." पुढं बैलाचं, कर्जाचं, पावसाचं असायचं. ते ती एकदाच ऐकायची. तर आजीकडं स्वतंत्र जा, आजोबा रानात गेल्यावर जा, आणि चुलीपाशी बस. खुर्ची देऊन समोर बसवलंस तर ती "मला काय कळतंय" म्हणेल.

एक गोष्ट लिहू की नको असं दोन दिवस चाललं होतं. लिहितो. कधीतरी तुझ्यासमोर कुणी असं काही सांगेल, जे त्यानं घरातही सांगितलेलं नाही. एका गृहस्थांचं (नाव, गाव, लढाई काहीच सांगत नाही) असंच झालं. त्यांचा जोडीदार पडला. पलटणीतून घरी कळवलं, जागीच गेला, त्रास झाला नाही. हे गृहस्थ दर दिवाळीला कॅन्टीनची चहापत्ती आणि साबण घेऊन त्या जोडीदाराच्या बायकोकडं जायचे. तीस-पस्तीस वर्षं त्यांनी तेच वाक्य त्यांना सांगितलं. मला एका दुपारी सांगितलं की तो जागीच गेला नव्हता. किती वेळ लागला तेही सांगितलं, आणि काय मागत होता तेही.

मी रेकॉर्डर बंद करायला हवा होता, केला नाही. नंतर विचारलं, याचं काय करू? म्हणाले, "ठेव तुझ्याजवळ. ती असंस्तवर नको." पण आधी तेच गेले. बाई अजून आहेत. परवा एस.टी.त भेटल्या, माझ्या हातावर हात ठेवून म्हणाल्या, "त्यांनी लई माया लावली बघा आम्हाला." ती कॅसेट माझ्या कपाटात आहे. वर काही लिहिलेलं नाही. तुझ्यावर असा प्रसंग आला तर त्याच दिवशी, त्याच माणसाला विचार, आणि जे म्हणेल ते तारीख घालून वहीत लिहून ठेव. गावच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर "थरारक अनुभव" म्हणून टाकू नकोस. तशी तू नाहीस, पण तुझा भाऊ मोबाइल बघतो म्हणून सांगतो.

हे सगळं कशाला, असं तू शेवटी विचारलंयस. मला मोठं उत्तर येत नाही. आपल्या अपशिंग्यातून पहिल्या महायुद्धात गेलेले 46 जण परतले नाहीत. इंग्रजांनी स्मारक उभारलं, गावाच्या नावापुढं मिलिटरी लागलं. त्या 46 जणांपैकी एकानं जहाजावर काय खाल्लं, कुणाची आठवण काढली, हे मी पुष्कळ म्हाताऱ्यांना विचारलं. आकडा सगळ्यांना माहीत आहे.

आता तुझ्या आजोबांकडं पुन्हा जा. जमालपूर पडल्यावर जंगी पलटण दक्षिणेकडं निघाली. तिकडं 11 तारखेला टांगाईलजवळ दुसरी पॅरा, म्हणजे छत्रीधारी सैनिकांची पलटण, विमानांतून उतरली होती. ती पॅरा म्हणजे एके काळची तिसरी मराठा. 12 तारखेला पुंगलीच्या पुलावर दोघांची गाठ पडली. घरापासून दोन हजार किलोमीटरवर, परक्या मुलखात, मराठे आणि मराठे. ही भेट पुस्तकात एका ओळीत आटोपते. मी आजवर तिघांना विचारलं, पहिलं कोण काय बोललं? एक म्हणाले, शिवाजी महाराजांचा जयजयकार झाला. दुसरे म्हणाले, कोण काय बोलणार, पाणी मागितलं. तिसरे हसले आणि म्हणाले, "गाव कुठलं? तालुका कुठला? दुसरं काय!"

तुझे आजोबा त्या पुलावर होते असं तू लिहिलंस. त्यांना विचार आणि मला कळव. पंखा बंद करून विचार.

तुझा,
सर