खर्व आणि खरब: एका शून्याचा फरक

इंदूरच्या रामबागेतून एका काकूंनी विचारलं आहे: "नातवाच्या हिंदी पुस्तकात 'खरब' आहे, मी लहानपणी 'खर्व' शिकले. दोन्ही एकच ना?"

काकू, शब्द एकाच मुळातला, पण संख्या एक नाही. भास्कराचार्यांनी लीलावतीत (इ. स. ११५०) स्थानांची नावं दिली आहेत, ती अशी: कोटी, अर्बुद, अब्ज, खर्व, निखर्व, महापद्म… शेवटी परार्ध. ही नावं 'दशगुणोत्तर', म्हणजे प्रत्येक पुढचं नाव आधीच्याच्या दहापट. या हिशेबानं खर्व म्हणजे एकावर दहा शून्यं, दहा अब्ज. हिंदीत मात्र सौ अरब म्हणजे एक खरब, एकावर अकरा शून्यं. तुमच्या नातवाचा खरब लीलावतीच्या भाषेत 'निखर्व' होतो.

असं का, हे मला फार सुंदर वाटतं. हिंदीची बोली मोजणी हजारानंतर शंभरपटीनं चढते: हजार, लाख, करोड़, अरब, खरब. मधलं घर 'दस' लावून भागवतात. म्हणजे स्वतंत्र नाव फक्त विषम शून्यांच्या घराला: तीन, पाच, सात, नऊ, अकरा. अर्बुदाला आठ शून्यं, खर्वाला दहा. सम घरातली ही दोन्ही नावं हिंदीत एकेक घर वर सरकलेली दिसतात.

त्यामुळे संख्येचा स्वभावही बदलला. लीलावतीतला खर्व हा लाखाचा वर्ग आहे, लाख गुणिले लाख. खरब हा कुठल्याच पूर्णांकाचा वर्ग नाही. खर्वाला १२१ विभाजक, खरबाला १४४. अकरानं भागून पाहा: खर्वाची बाकी १, खरबाची १०. नातवाला हा भागाकार कागदावर करायला लावा, त्याला मजा येईल.

आपल्याकडेही 'अब्ज, दशअब्ज, खर्व' अशी उजळणी म्हणणारे आहेत, आणि तिथे खर्व खरबाइतकाच भरतो. म्हणून नुसतं 'खर्व' वाचून संख्या ठरवू नये. आपल्या आकाशगंगेत शंभर ते चारशे अब्ज तारे असावेत असा अंदाज आहे. हिंदीतला 'एक खरब तारे' कुणी मराठीत 'एक खर्व' केला आणि वाचणाऱ्यानं लीलावतीचा अर्थ घेतला, तर दहातले नऊ तारे गेलेच! भाषांतरात मी सरळ 'शंभर अब्ज' लिहितो.

जाता जाता: संस्कृतात खर्व म्हणजे ठेंगणा. गणपतीच्या ध्यानात 'खर्वं स्थूलतनुं' म्हणतो ना आपण, तोच हा शब्द. एवढ्या मोठ्या संख्येला हे नाव कसं मिळालं असेल, याचं मला अजून नवल वाटतं.