पन्हाळ्यावरनं दिसणारी दरी बर्फानं कोरली का?

प्रश्न : नमस्कार सर. मी शिरोळ तालुक्यातला. घरच्यांना घेऊन गंगोत्रीला जाऊन आलो, तिथं गाईडनं सांगितलं की इथली दरी ग्लेशियरनं, म्हणजे सरकणाऱ्या बर्फाच्या नदीनं, कोरलीय म्हणून यू आकाराची, नदी कोरते ती व्ही आकाराची. परत आल्यावर पन्हाळ्यावरनं खाली बघितलं तर पंचगंगेची दरीपण चांगली रुंद आणि तळ सपाट. मग हिमयुगात आपल्याकडंपण बर्फ होता का? आणि आमच्या विहिरीत पिवळी माती, चुनखडीचे खडे आणि त्याखाली गोल गोट्यांचा थर लागला, तो हिमयुगातला का?

उत्तर : पाव्हणं, बर्फ नव्हता. गोट्यांचा थर मात्र हिमयुगातला असू शकतो, कसं ते सांगतो.

शेवटच्या हिमयुगाचा कडाका साधारण २१ हजार वर्षांपूर्वीचा. तेव्हा आपल्या पट्ट्यात तापमान काही अंशांनी उतरलं होतं, पण तेवढ्यानं भागत नाही, कारण हिमालयात आज गोमुखाजवळ ग्लेशियर संपतो तीच उंची ४ हजार मीटरच्या आसपास आहे, ती हिमयुगात हजारभर मीटर खाली आली असं धरलं तरी आपलं कळसूबाई १६४६ मीटर, आणि पन्हाळा तर त्याच्याही खाली. तिकडं मात्र ह्याच हिमयुगात, कडाक्याच्याही बऱ्याच आधी, बर्फ गोमुखापासून ४० किलोमीटर खाली, हर्षिलच्या पुढं झाला गावापर्यंत पोचला होता, म्हणजे तुमची गाडी गेली त्या रस्त्याचा बराच भाग बर्फाखाली होता. गाईडनं काही चुकीचं सांगितलेलं नाही, फक्त त्याचा नियम घेऊन सह्याद्रीत फिरायचं नाही.

आपली दरी रुंद झाली ती लाव्हाच्या आडव्या थरांमुळं. एक थर काळ्या पाषाणाचा, त्याखालचा भुसभुशीत, मग परत टणक. खालचा मऊ थर झिजला की वरचा कडा ढासळतो आणि उतार मागं मागं सरकत जातो, शिवाय नदी वळणं घेत कधी ह्या काठाला तर कधी त्या काठाला खात राहते आणि पुरात सगळीकडं गाळ पसरते. २०१९ आणि २०२१ ला किती पसरते ते आपण बघितलंय. पन्हाळा, जोतिबा हे त्यातनं शिल्लक राहिलेले तुकडे. लाखो वर्षांचं काम आहे हे.

म्हणून शेप सोडा, दगड हातात घ्या. ग्लेशियर माल निवडत नाही, घराएवढा धोंडा आणि पिठासारखी भुकटी एकाच ढिगात टाकून देतो. त्यातले गोटे धड गोल नसतात, एखादी बाजू सपाट घासलेली असते आणि तिच्यावर समांतर ओरखडे दिसतात, कारण तो गोटा बर्फात अडकून खालच्या खडकावर घासत आलेला असतो. नदी निवडून टाकते, गोटे एकीकडं, वाळू एकीकडं, पोयटा एकीकडं. आणि नदीतले चपटे गोटे छपरावरच्या कौलांसारखे एकमेकांवर रेललेले सापडतात, नदीच्या वरच्या अंगाला कललेले. तुमच्या विहिरीच्या भिंतीत असे दिसले तर पाणी कुठनं येत होतं तेपण कळंल!

आता बर्फ नसताना हिमयुगाचा संबंध कसा? युरोपात सरळ होता. आल्प्सचे ग्लेशियर गोट्यांचा प्रचंड माल पुढं ढकलायचे, तो वितळणाऱ्या पाण्याबरोबर खालच्या दऱ्यांत भरायचा, पुढं ऊब आली की नदी तोच माल कापून खाली उतरायची आणि काठाला गोट्यांच्या पायऱ्या राहायच्या. पेंक आणि ब्रुकनर ह्या अभ्यासकांनी ह्या पायऱ्या बघून १९०९ पर्यंत चार हिमयुगं मांडली, गुंझ, मिंडेल, रिस आणि वुर्म, सगळी नावं तिकडच्या नद्यांची. पुढं समुद्रतळाचा गाळ तपासल्यावर थंडीचे फेरे चारपेक्षा बरेच जास्त निघाले. लंडनच्या थेम्सला तर साधारण साडेचार लाख वर्षांपूर्वी बर्फानं थेट दक्षिणेला ढकललं, तिचं आधीचं पात्र उत्तरेकडनं जायचं.

आपल्याकडं हे काम मान्सूननं केलं. कडाक्याच्या काळात मान्सून कमजोर पडला, नद्यांत जोर राहिला नाही, डोंगरातनं येणारा माल पुढं नेता येईना, मग तो दरीतच साचला. साधारण १०-११ हजार वर्षांपूर्वी पाऊस परत जोरात आला आणि नद्या आपल्याच गाळात खोल उतरल्या. प्रवरा, भीमा, गोदावरीच्या काठाला ह्या जुन्या गाळाच्या उंच दरडी अजून उभ्या आहेत. तुमचे चुनखडीचे खडेपण कोरड्या हवेतच जास्त बनतात, पण शिरोळकडं आजही पाऊस कमीच, त्यामुळं नुसत्या खड्यांवरनं हिमयुग म्हणता येत नाही. वाळूच्या कणाला शेवटचं ऊन कधी लागलं ते मोजणारं ल्युमिनसन्स डेटिंग असतं, वय त्यातनं निघतं. पुणे जिल्ह्यात कुकडी नदीच्या काठी बोरी गावाला तर गाळात सुमात्राच्या टोबा ज्वालामुखीची राखच सापडलीय, फक्त ती ७४ हजार वर्षांपूर्वीच्या उद्रेकाची की त्याच्याही आधीच्या, ह्यावर तज्ज्ञांचं भांडण अजून मिटलेलं नाही.

प्रश्न : हिमयुगात समुद्र खाली गेला होता म्हणतात. मग नद्यांनी दऱ्या खोल केल्या असतील ना? (गगनबावड्याहून)

उत्तर : घाटाखाली, हो. समुद्र सुमारे १२० मीटर खाली होता, कोकणातल्या नद्या लांबवर जाऊन त्याला मिळायच्या आणि पात्रं खोल कापायच्या, नंतर समुद्र चढला आणि त्या दऱ्या बुडाल्या, आजच्या खाड्या त्याच. घाटावरचं पाणी कृष्णेतनं बंगालच्या उपसागराला जातं, तिकडचा बदल इथपर्यंत चढून येत नाही.

प्रश्न : म्हणजे महाराष्ट्रात बर्फ कधीच नव्हता?

उत्तर : होता की! पण फार जुना, सुमारे ३० कोटी वर्षांपूर्वीचा, भारत दक्षिण ध्रुवाच्या बाजूला होता तेव्हाचा. चंद्रपूरकडं इरईजवळ चुनखडकाची फरशी बर्फानं घासून गुळगुळीत केलेली आहे, वर ओरखडे, आणि त्यावर धोंडे-माती एकत्र असलेला थर. १८७० च्या दशकात भूवैज्ञानिक फेडन यांनी ती नोंदवली. सह्याद्रीचा लाव्हा ६.६ कोटी वर्षांपूर्वीचा, तो यायच्या २० कोटींहून जास्त वर्षं आधीच हा बर्फ वितळून गेला होता.