नोंदणीआधी हजेरीपत्रक
मजुरांची सहकारी संस्था काढताना १९६०च्या महाराष्ट्र सहकारी संस्था कायद्यानुसार वेगवेगळ्या कुटुंबांतील किमान १० व्यक्ती जमवणे, हा सर्वांत सोपा भाग आहे, हे तुम्हांला आधीच सांगतो. आमच्या संस्थेचे हजेरीपत्रक पहिल्या हंगामात एकट्या सचिवाकडेच राहिले आणि मजुरी वाटताना जे वाद उफाळले, ते मिटायला दिवाळी उजाडली. म्हणून हजेरी दर आठवड्याला सर्वांसमोर वाचून दाखवावी. निव्वळ नफ्याचा किमान चौथा हिस्सा राखीव निधीत टाकणे बंधनकारक असल्याने, तो वाटून टाकण्याचा आग्रह कोणी धरला तरी बधू नये. गडचिरोली जिल्ह्यातील मेंढा (लेखा) येथे अवश्य जाऊन यावे. २००९ मध्ये सामूहिक वनहक्क मिळालेली तेथील ग्रामसभा सर्वसहमतीने निर्णय घेते. ती सहकारी संस्था नव्हे, पण बैठक कशी चालवावी, हे तेथेच कळते.