जुनी वुड-मायझर घ्यावी का, आणि ती चालवायला शिकायचं कसं?

सांगाडा सरळ असेल तर घ्या. इंजिन चालू होत नाही एवढ्यावरून सोडू नका. उलट भाव पाडून मागायला ते कारण चांगलं आहे.

तुम्ही विचारलंय ते असं: विस्कॉन्सिनमध्ये तुमची दहा एकर जागा आहे, तिच्यावर किडीने मेलेली ॲशची झाडं उभी आहेत. शेजारच्या शेतकऱ्याच्या बार्नमध्ये वुड-मायझर कंपनीची नव्वदच्या दशकातली एलटी४०, म्हणजे ओंडक्यांच्या फळ्या पाडणारी करवत, ताडपत्रीखाली पडून आहे. यंत्रकामाचा अनुभव नाही. ती दुरुस्त करून चालवायला शिकता येईल का, आणि पुढेमागे रत्नागिरीला नेता येईल का? रत्नागिरीचं शेवटी बघू. मी मिशिगनमध्ये अशीच जुनी एलटी४० उघडून, जोडून वापरतो, म्हणून त्याच यंत्राबद्दल लिहितो.

ज्यांनी हे यंत्र पाहिलं नाही त्यांच्यासाठी दोन ओळी. आपल्याकडच्या वखारीत करवत उभी आणि जागेवर असते, ओंडका ट्रॉलीवर टाकून तिच्यात ढकलतात. इथे ओंडका जागेवर राहतो आणि आडवी पट्टा-करवत त्याच्यावरून चालत जाते. पातं सव्वा इंच रुंद, जेमतेम एक मिलिमीटर जाड, १५८ इंच लांबीचं वेटोळं. ३६ इंच व्यासाचा, २१ फूट लांबीचा ओंडका बसतो, आणि अख्खं यंत्र गाडीमागे जोडून नेता येतं. जुन्या गोल करवती एका कापात पाव इंच किंवा जास्तच लाकडाचा भुसा करायच्या. हे पातळ पातं दोन-सव्वादोन मिलिमीटरवर भागवतं. दहा फळ्यांमागे एक-दीड फळी वाचते. छोट्या माणसाला हा धंदा परवडायला लागला तो याच्यामुळे.

आता बघायला जाल तेव्हा. मालक आधी इंजिनाबद्दल बोलेल, 'पेट्रोल घातलं की लागेल' वगैरे. ऐकून घ्या आणि सांगाड्याकडे वळा. एलटी४०चं सगळं डोकं, म्हणजे इंजिन, चाकं आणि पातं, एकाच बाजूच्या मुख्य रुळावर तोललेलं असतं, दुसऱ्या बाजूला आधार नाही. त्यामुळे हा रूळ वाकला असेल तर बाकी सगळं नवं असूनही फळी सरळ निघणार नाही. रुळाच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत दोरा ताणा आणि मधली फट बघा. वरचा गंज चालेल, तो निघतो. पोचे, खाचा, वेल्डिंगची ठिगळं चालणार नाहीत. ओंडका ज्यांच्यावर टेकतो ते आडवे बारही बघा, कारण लोक ट्रॅक्टरने ओंडके आणून वरून आदळतात आणि एखादा बार दबलेला असतो. तो परत जुळवता येतो, रूळ येत नाही. डोकं हाताने रुळावरून पूर्ण लांबी ढकलून बघा. एखाद्या ठिकाणी अडखळलं तर तिथे थांबून बोट फिरवा.

मग चाकं. पात्याचं झाकण उघडा, पातं काढायला सांगा, दोन्ही चाकं हाताने फिरवा. बेअरिंग खरखरत असेल तर ते बदलण्याचं काम आहे, खर्च फारसा नाही. चाक डगमगत असेल तर शाफ्टपर्यंत जावं लागेल. चाकांवर रबरी पट्टे असतात, ते लोखंडी कडेपेक्षा वर उठलेले हवेत. झिजून कडेच्या पातळीला आले असतील तर दात लोखंडावर टेकतात आणि त्यांचा सेट, म्हणजे दातांना बाजूला दिलेला वाक, जातो. हे पट्टे तुम्ही तसेही नवे घालणारच आहात.

वीज जरा किचकट आहे. डोकं पुढे-मागे आणि वर-खाली नेणाऱ्या मोटरी बॅटरीवर चालतात. त्यांच्या ड्रम स्विचचे संपर्क जळलेले असतात, आणि ताडपत्रीखाली उंदरांनी वायरी कुरतडलेल्या नसतील तर नशीब समजा. हायड्रॉलिक मॉडेल असेल तर आणखी एक गोष्ट लक्षात ठेवा: त्या काळच्या यंत्रात डोकं एका ठराविक जागी, संपर्कपट्टीवर असतानाच हायड्रॉलिकला वीज मिळते. हे माहीत नसलेले लोक 'पंप गेला' म्हणून यंत्र स्वस्तात विकतात. तुमच्या शेजाऱ्यालाही हे माहीत नसण्याची शक्यता आहे. त्याला सांगायचं की नाही हे तुमचं तुम्ही ठरवा.

शेवटी इंजिन. वर्षानुवर्षं उभ्या इंजिनाचा आजार बहुतेक वेळा कार्बोरेटरमध्ये असतो. इथल्या पेट्रोलमध्ये इथेनॉल असतं, असं पेट्रोल वर्षानुवर्षं बसून राहिलं की डिंकासारखा थर होतो आणि जेट, म्हणजे पेट्रोल सोडणारं बारीक भोक, बुजतं. टाकी रिकामी करा, पेट्रोलची नळी आणि फिल्टर बदला, कार्बोरेटर उघडून साफ करा, नवा प्लग आणि तेल घाला, सिलिंडरचं कॉम्प्रेशन मोजा. कॉम्प्रेशनच नसेल तर त्याच ताकदीचं नवं इंजिन बसवता येतं, शाफ्टचा व्यास आणि बोल्टांच्या जागा मात्र जुळायला हव्यात. दुरुस्तीतलं सगळ्यात सोपं काम हेच, कारण इंजिन गावातला कुठलाही लॉनमोवरवाला करून देतो. पुढचं काम तुम्हालाच करावं लागेल, आणि तेच करता करता तुम्ही यंत्र शिकाल.

ते काम म्हणजे जुळवणी. किल्ली काढा, प्लगची वायरही काढा. नवं पातं चढवा. जुन्या पात्यावर मापं घेऊ नका, ते कुठे वाकलंय ते डोळ्याला दिसत नाही. ताण द्या आणि चाक हाताने फिरवा. दोन दातांमधली खोबण चाकाच्या पुढच्या कडेबाहेर साधारण तीन मिलिमीटर राहिली पाहिजे. पातं मागे सरकत असेल तर दात रबर खातात, फार पुढे येत असेल तर ते एक दिवस चाकावरून उतरतं. चाकाचा कोन थोडा थोडा बदलत, दर वेळी फिरवून बघत हे जमवायचं.

मग डोकं मध्यम उंचीवर ठेवून पात्यापासून प्रत्येक आडव्या बारापर्यंतचं अंतर मोजा. सगळीकडे एकच आलं पाहिजे. जमिनीला पाणसळ लावून काही उपयोग नाही, बेड, म्हणजे हे आडवे बार, पात्याशी समांतर हवा, पृथ्वीशी नसला तरी चालतं. त्यानंतर गाइड रोलर. पातं ओंडक्यात शिरतं तिथे दोन बाजूंना हे रोलर त्याला वरून सुमारे पाव इंच खाली दाबून धरतात. पात्याची पाठ रोलरच्या मागच्या कॉलरला टेकता कामा नये, दीड मिलिमीटर फट हवी. आता एक छोटी सरळ पट्टी घ्या, ती दातांवर न बसता पात्याच्या सपाट भागावर बसेल अशी चिमट्याने लावा, आणि तिचं पुढचं टोक व मागचं टोक बेडपासून किती वर आहे ते मोजा. पुढचं टोक वर असेल तर करवत ओंडक्यात वर चढत जाते, खाली असेल तर खाली बुडते. एका मिलिमीटरचा फरकही चालवून घेऊ नका. दोन्ही रोलरांपाशी हे मोजायचं, एक जुळवला की दुसरा परत तपासायचा, म्हणजे संध्याकाळ गेली. पण एकदा हे हाताखालून गेलं की पुढे फळी वाकडी निघाली तर कुठे बघायचं ते कुणाला विचारावं लागत नाही.

उरलं ते किरकोळ. रुळावर पातळ तेल (मी ऑटोमॅटिक ट्रान्समिशनचं वापरतो), वर-खाली नेणाऱ्या साखळीचा ताण, टायर, मागचे दिवे.

चालवायला शिकण्याबद्दल. आधी कुणाच्या तरी चालत्या करवतीवर फळ्या उचलायला जा. अमेरिकेच्या या भागात खेडोपाडी कुणी ना कुणी घरची करवत चालवतो आणि फुकटचे हात कुणालाही हवेच असतात. दांडा कुठला ओढायचा हे लगेच कळतं. ओंडका कुठल्या बाजूने आधी उघडायचा, कधी उलटायचा, हे त्या माणसाच्या शेजारी उभं राहिल्याशिवाय कळत नाही. झाडाच्या लाकडात ताण भरलेला असतो. एकाच बाजूने फळ्यामागून फळ्या काढत गेलात तर उरलेला ठोकळा बेडवरून धनुष्यासारखा उचलतो आणि पुढची फळी मध्ये जाड, टोकांना पातळ निघते. म्हणून एका बाजूच्या थोड्या काढायच्या, उलटायचं, समोरच्या बाजूच्या काढायच्या, आणि गाभा मधल्या ठोकळ्यात बंद ठेवायचा. ओंडका एका टोकाला निमुळता असतो, तेव्हा ते टोक पाचर घालून किंवा जॅकने उचलून गाभा बेडला समांतर करा.

पहिला ओंडका मऊ घ्या. पाइन किंवा पॉप्लर, फूटभर व्यासाचा. मोठा ओक बघून हात शिवशिवतात, पण तो उन्हाळ्यानंतर.

फळीवर लाटा उमटल्या की नवशिका लगेच गाइडची बोल्टं फिरवायला लागतो. आधी पातं बदला. लाटांचं कारण बोथट पातं असतं, त्याखालोखाल कमी ताण, आणि मग गाठीपाशी घाई. भुसा पिठासारखा बारीक यायला लागला की धार गेली. ओंडका चिखलातून ओढून आणलात तर सालीतली वाळू पहिल्या कापातच धार खाते, म्हणून साल धुवा किंवा पातं शिरतं तेवढी पट्टी तासून काढा. पात्यावर पाण्याची धार सोडा, पाण्यात भांड्यांच्या साबणाचे चार थेंब टाकले की डिंक चिकटत नाही. सरकणारा गाइड ओंडक्याला शक्य तितका जवळ ठेवा. काम संपलं की पात्याचा ताण सोडून घरी जा, नाहीतर रबरी पट्ट्यांना खड्डे पडतात.

पातं वेटोळं करायला आणि उघडायला जाड हातमोजे आणि चष्मा हवाच, ते उसळतं. पातं फिरत असताना त्याच्या रेषेत कुणी उभं राहायचं नाही, तुटलं तर ते नेमकं तिथेच येतं. अडकलेली ढलपी काढायची तर इंजिन बंद करून. घराजवळचं, कुंपणाजवळचं झाड असेल तर मेटल डिटेक्टर फिरवा: कुणीतरी चाळीस वर्षांपूर्वी ठोकलेला खिळा आता सहा इंच आत असतो.

तुमच्या ॲशबद्दल. एमराल्ड ॲश बोरर हा किडा २००२ मध्ये इथेच, डेट्रॉइटजवळ सापडला. त्याची अळी सालीखाली खाते, झाडाचं पाणी तोडते, पण आतलं लाकूड शाबूत ठेवते. म्हणजे फळ्या उत्तम निघतात: पिढ्यान्‌पिढ्या बेसबॉलच्या बॅटी आणि फावड्यांचे दांडे याच लाकडाचे झाले. धोका झाड पाडण्यात आहे. मेलेला ॲश लवकर ठिसूळ होतो, करवत लावली की वरच्या फांद्या तुटून डोक्यावर येतात. ते काम जाणकाराला पैसे देऊन करून घ्या, तिथे शिकू नका. वाळलेला ॲश कापायला कठीण जातो, त्यासाठी कमी हुकचं, म्हणजे दात पुढे कमी झुकलेलं, चार अंशांचं पातं ठेवा. अमेरिकेच्या केंद्र सरकारने ॲशच्या वाहतुकीवरची बंदी २०२१ मध्ये उठवली, तरी राज्याचे जळाऊ लाकडाचे नियम वेगळे आहेत, ते बघून घ्या.

फळ्या कापल्या की त्याच दिवशी टोकांना मेण लावा आणि दीड-दोन फुटांवर एकसारख्या जाडीच्या पट्ट्या घालून रचा. पट्ट्या एकावर एक, उभ्या रेषेत. हवेवर एक इंची फळीला साधारण एक वर्ष धरा. घरातल्या फर्निचरला त्यानंतरही भट्टी लागते. भट्टीचा आणखी एक फायदा म्हणजे ॲशच्या बाहेरच्या लाकडातला पावडरपोस्ट बीटल, म्हणजे लाकडाचं पीठ करणारा किडा, मरतो. लाकडाच्या आतपर्यंत ५६ अंश सेल्सिअस, ३० मिनिटं, हा पॅकिंगच्या लाकडासाठी जगभर चालणारा हिशेब आहे. भुसा कुणी मागितला तर द्या, पण घोडेवाल्याला देताना त्यात काळ्या अक्रोडाचा भुसा मिसळलेला नाही हे बघा, त्याने घोड्यांचे खूर सुजतात.

रत्नागिरीला नेण्याचा विचार सोडा. यंत्र चालेल, अडचण कागदाची आहे. सर्वोच्च न्यायालयातल्या जंगलतोडीवरच्या गोदावर्मन खटल्यानंतर, १९९६ पासून, देशभरच्या करवत गिरण्यांवर नियंत्रण आलं. केंद्राची २०१६ची मार्गदर्शक तत्त्वं आहेत, परवाना राज्यस्तरीय समितीच्या हातात असतो, आणि 'घरच्याच झाडांसाठी आहे' म्हणून वनखातं सोडत नाही. शिवाय झाड स्वतःच्या आवारातलं असलं तरी आंबा, साग, खैर अशा झाडांना महाराष्ट्राच्या १९६४च्या वृक्षतोड कायद्याखाली परवानगी लागतेच. गावाकडची झाडं परवानगी काढून परवाना असलेल्या वखारीत चिरून घ्या, स्वस्त पडेल.

बघायला जाताना दोरा, टेप, बॅटरीचा टेस्टर आणि टॉर्च न्या. सांगाड्यावरच्या सीरियल नंबरच्या पाटीचा फोटो काढा. मॅन्युअल आणि सुटे भाग त्या नंबरावरूनच मागवायचे असतात, एलटी४०च्या अनेक आवृत्त्या निघाल्या आहेत. आणि मालकाकडे ट्रेलरचा टायटल (मालकीचा सरकारी कागद) किंवा निदान बिल ऑफ सेल (विक्रीची पावती) आहे का ते पैसे देण्याआधी विचारा. फोटो इथे टाकलेत तर बघून सांगतो.