शीट मेटलचा बेस करतोयस? आधी बेंडिंगवाल्याला गाठ

अरे पहिल्यांदाच एफआरसीसाठी (शाळकरी मुलांची फर्स्ट रोबोटिक्स कॉम्पिटिशन) रोबोचा शीट मेटलचा बेस, म्हणजे वाकवलेल्या पत्र्याची चाकांची फ्रेम, करतोयस ना, मग कॅड (कॉम्प्युटरवर डिझाइन काढायचं सॉफ्टवेअर) उघडायच्या आधी बेंडिंगवाल्याला फोन लाव, त्याच्याकडे कुठला डाय (पत्रा वाकवायचा साचा) आहे, बेंडची आतली रेडियस किती येते, के-फॅक्टर (वाकताना पत्रा किती ताणला जातो त्याच्या हिशोबाचा आकडा) किती धरतो ते सगळं विचार, नाहीतर फ्लॅट पॅटर्न (वाकवण्याआधीचा सपाट आकार) काढशील एक आणि पार्ट येईल भलताच. मटेरियल ५०५२ अॅल्युमिनियम घे, साधारण २.३ मिमी जाडीचं. ६०६१-टी६ हे दुसरं अॅल्युमिनियम जास्त स्ट्राँग म्हणून मोहात पडू नकोस, टाइट बेंडवर ते तडकतं. आम्ही पहिल्या वर्षी बेअरिंगची भोकं बेंडला अगदी खेटून दिली होती, वाकवल्यावर सगळी अंडाकृती, बेअरिंग बसेचना, मग रात्रभर कानस घासत बसलो 😅 म्हणून भोकाची कड बेंडपासून निदान जाडीच्या अडीच पट अधिक रेडियस एवढी लांब ठेव. बेंड संपतो तिथे रिलीफ कट (पत्रा फाटू नये म्हणून छोटी खाच) पण दे. सहा चाकं असतील तर मधलं चाक ३ मिमी खाली घे, नाहीतर रोबो वळताना नुसता थरथरत उड्या मारतो. आणि वजन कमी करायचं म्हणून बाजूच्या प्लेटची चाळणी करत सुटू नकोस, टक्कर झाली की मार तिलाच बसतो. खालची बेली पॅन (रोबोच्या तळाची प्लेट) मात्र जवळजवळ रिवेट मारून पक्की कर, फ्रेम काटकोनात तीच धरून ठेवते.