पॅरिसहून नान्सीचा प्लास स्तानिस्लास बघायला जावं का? एक दिवस पुरेल का?

तुम्ही लिहिलंय की जूनमध्ये आईबाबांना घेऊन पॅरिसला जाताय, मध्ये एक दिवस मोकळा आहे आणि फ्रान्सच्या पूर्वेकडच्या नान्सी शहरातल्या सोनेरी दरवाजांच्या चौकाचा फोटो बघून मन तिकडे ओढलंय. सकाळी जाऊन संध्याकाळी परत येता येईल का, की तो फोटोपुरताच आहे, असा तुमचा प्रश्न. आईचे गुडघे दुखतात आणि तुम्ही सगळे शाकाहारी आहात, हेही सांगितलंय.

जा, नक्की जा. पण जमलं तर त्याच दिवशी परत फिरू नका, एक रात्र तिथे काढा. मी शिकायला दोन वर्षं नान्सीत होते. खोलीवरून वर्गात जायची वाट या चौकातूनच होती, त्यामुळे तो पहाटे, पावसात, बर्फात, मध्यरात्री असा सगळ्या वेळी बघितलाय. तिथली पोरं त्याला नुसतं 'प्लास स्तान' म्हणतात. आजही नान्सी म्हटलं की मला आधी तो चौक दिसतो, कॉलेज नंतर.

गाडीचं आधी सांगते. पॅरिसच्या गार द लेस्त स्टेशनवरून टीजीव्हीने, म्हणजे फ्रान्सच्या अतिवेगवान गाडीने, साधारण दीड तास लागतो. तिकीट काढताना स्टेशन 'नान्सी व्हिल' आहे ना, एवढं बघा. 'लोरेन टीजीव्ही' नावाचं एक दुसरंच स्टेशन आहे, ते शेतांच्या मधोमध आहे. तिथे उतरलात तर पुढे बस पकडावी लागते आणि आईबाबांची दमछाक होते. नान्सी व्हिलपासून चौक चालत दहा-बारा मिनिटांवर आहे, सपाट रस्ता, जवळजवळ सरळच. वाटेत एक दगडी वेस लागते, तिच्यातून पुढे गेलात की आलाच. आईंना त्रास होण्यासारखा चढउतार कुठे नाही. चौकही सपाट, फरसबंदी आणि 2005 पासून पूर्णपणे पायी चालणाऱ्यांचा. पूर्वी याच जागेवर गाड्या पार्क केलेल्या असायच्या, हे आज सांगून पटत नाही.

आता चौकाबद्दल. जाण्याआधी त्याची गोष्ट आईबाबांना सांगा, त्यांना फार आवडेल. हा चौक सासऱ्याने जावयासाठी बांधला. सासरा म्हणजे स्तानिस्लास लेश्चिन्स्की. पोलंडच्या गादीवर तो दोनदा बसला आणि दोन्ही वेळा त्याला ती सोडावी लागली. त्याची मुलगी मारी 1725 साली फ्रान्सच्या पंधराव्या लुईला दिलेली. पुढे युरोपातल्या राजांच्या तहात असं ठरलं की लोरेन प्रांत, ज्याची राजधानी नान्सी, या सासरेबुवांना हयातीपुरता द्यायचा आणि त्यांच्या मागे तो फ्रान्सला जोडायचा. लोरेनचं स्वतःचं जुनं राजघराणं होतं, त्याला बदल्यात इटलीतलं तस्कनी मिळालं. लोरेनच्या लोकांना अर्थातच कुणी विचारलं नाही. स्तानिस्लास 1737 मध्ये ड्यूक झाला, पण खरा कारभार फ्रान्सने नेमलेल्या अधिकाऱ्याच्या हातात होता. याच्या वाट्याला राहिलं बांधकाम, आणि ते त्याने जीव ओतून केलं. एमान्युएल एरे हा त्याचा वास्तुकार. नोव्हेंबर 1755 मध्ये चौक खुला झाला तेव्हा मधोमध जावयाचा, पंधराव्या लुईचा पुतळा होता आणि चौकाचं नाव होतं प्लास रोयाल, म्हणजे राजचौक. फ्रेंच राज्यक्रांतीत तो पुतळा गेला. आज मध्ये उभा दिसतो तो सासरा, 1831 साली बसवलेला, आणि चौकाचं आताचं नावही त्याचंच.

चौकात शिरलात की लगेच फोन बाहेर काढू नका. स्टेशनकडून येताना तुम्ही पश्चिमेच्या बाजूने आत येता. उजव्या हाताला जी लांबच लांब इमारत दिसेल ते नगरभवन. आधी तिथे जा आणि तिच्याकडे पाठ करून उभे राहा. आता तुमच्या दोन्ही बाजूंना दोन-दोन उंच वाडे, एकसारख्या खिडक्या, एकसारखे सज्जे. डावीकडच्या एकात ललितकला संग्रहालय, उजवीकडच्या एकात ऑपेरा. आणि समोर मात्र इमारती एकदम बसक्या, एकाच मजल्याच्या.

मला पहिले काही महिने वाटायचं की हे नुसतं सौंदर्यासाठी केलंय, समोर आकाश मोकळं राहावं म्हणून. कारण निघालं ते लष्करी. नान्सी ही तेव्हा दोन गावं होती, एक मध्ययुगीन जुनं आणि एक सोळाव्या शतकाच्या शेवटी वसवायला घेतलेलं नवं. दोन्हींच्या मध्ये तट, खंदक आणि ओसाड पट्टा. स्तानिस्लासला नेमक्या त्या पट्ट्यात चौक बसवून दोन्ही गावं जोडायची होती. लष्करी लोक म्हणाले, आमच्या बुरुजांपुढे उंच काही उभं करू नका, माऱ्याला आडवं येईल. आपल्याकडे गड-किल्ले फिरलेल्या माणसाला ही अडचण लगेच कळते. म्हणून त्या बाजूला बांधकाम ठेंगणंच ठेवलं, आणि त्या ठेंगणेपणामुळेच चौकाला आज एवढं आभाळ मिळालंय. एकशेपंचवीस मीटर लांब आणि एकशेसहा मीटर रुंद अशी ही जागा आहे, पण तिथे उभं राहिलं की कोंडल्यासारखं तर वाटत नाहीच, उघड्यावर पडल्यासारखंही वाटत नाही. इतकं नेमकं माप मी दुसऱ्या कुठल्या चौकात अनुभवलेलं नाही.

आणि मग ते दरवाजे. यासाठी पुरेसा वेळ ठेवा. माझे आईवडील आले होते तेव्हाची गोष्ट सांगते. वडिलांचा कोल्हापुरात ग्रिल-गेटचा छोटा कारखाना, चाळीस वर्षं लोखंडात गेलेली. नेपच्यून या रोमन समुद्रदेवाच्या कारंज्याच्या कोपऱ्यावर ते थांबले ते थांबलेच. चष्मा पुसला, एका सळईच्या वळणावर बोट ठेवलं आणि ते वळण कुठे जाऊन संपतं ते बघत राहिले. मग मला म्हणाले, "अगं, कुठं वेल्डिंगचा डाग दिसतोय का बघ." मी बघितलं, नव्हता. दोन वळणं जिथे एकमेकांना टेकतात तिथे लोखंडाचीच बारीक पट्टी गुंडाळून आवळलेली, बाकी ठिकाणी रिव्हेट. पानं म्हणजे पातळ पत्रा, मागून ठोकून उठाव दिलेला, कडा वळवलेल्या, शिरा काढलेल्या, आणि त्यावर सोन्याचा वर्ख. वर बघितलं तर सोनेरी कोंबड्याच्या चोचीत कंदील टांगलेला. बाबा म्हणाले, "भट्टीत घालायचं, ऐरणीवर घ्यायचं, परत भट्टीत. एकेका पानाला किती वेळा तापवलं असेल गं." पाऊण तास ते तिथून हलले नाहीत. हे काम झाँ लामूर या लोहाराचं, तो नान्सीचाच, 1698 चा जन्म. नगरभवनातल्या जिन्याचा कठडाही त्याचाच. बाबांनी त्याचं नाव माझ्याकडून वहीत मराठीत लिहून घेतलं आणि गावी गेल्यावर कारखान्यातल्या पोरांना सांगितलं.

तुमच्या घरात कुणी सुतार, लोहार, सोनार, शिवणकाम करणारं असेल तर हेच होईल, म्हणून घाई करू नका. कारंज्यांतल्या मूर्ती बार्तेलेमी गिबाल याच्या आहेत, एका कोपऱ्यात नेपच्यून आणि दुसऱ्या कोपऱ्यात त्याची राणी अँफिट्राइट. मला स्वतःला मूर्तींपेक्षा त्यांच्याभोवतीची लोखंडी कमान जास्त आवडते.

रात्र राहायला का सांगतेय ते आता. जूनमध्ये तिथे सूर्य साडेनवाच्या पुढे मावळतो आणि खरा अंधार पडायला साडेदहा होतात. संध्याकाळच्या गाडीने निघालात तर सोनं उजेडातच बघून परत याल. दिवे लागल्यावर काळं लोखंड अंधारात विरतं आणि नुसती सोन्याची पानं हवेत लटकल्यासारखी दिसतात. उन्हाळ्यात रात्री इमारतींच्या भिंतींवर प्रकाश आणि संगीताचा खेळही असतो, त्याला तिकीट नसतं. तो कधीपासून सुरू होतोय आणि किती वाजता, ते जाण्याआधी शहराच्या संकेतस्थळावर बघून घ्या.

खाण्याचं. 'कीश लोरेन' हा तिथला प्रसिद्ध पदार्थ, दिसायला पिठाच्या पारीत भाजलेलं साधं अंड्या-सायीचं सारण, पण त्यात डुकराच्या मांसाचे तुकडे असतात. माझ्या आईने पहिल्याच दिवशी तो हातात घेतला होता, मी वेळेवर थांबवलं. भाजीची कीशही मिळते, विचारून घ्या, आणि अंडं चालत नसेल तर तीही नको. बर्गामोट मात्र खुशाल घ्या. मधाच्या रंगाची, काचेसारखी पारदर्शक चौकोनी साखरगोळी, बर्गामोट नावाच्या लिंबाच्या तेलाचा वास असलेली. माझी आई अजून मागवते. चौकातल्या कॅफेत कॉफी महाग आहे, तरी एकदा तिथे बसा. आईंच्या गुडघ्यांना आराम आणि समोर सगळा चौक.

दुसऱ्या दिवशी सकाळी नगरभवनापासून पुतळ्यावरून सरळ उत्तरेला चालत जा. समोरची कमान म्हणजे आर्क एरे, रोममधल्या सेप्टिमियस सेव्हेरसच्या कमानीवरून बेतलेली. तिच्यातून पलीकडे गेलात की झाडांच्या रांगांचा लांबट प्लास द ला कारिएर लागतो, जिथे एकेकाळी घोडेस्वारांच्या झुंजी चालत. हे दोन चौक आणि बाजूचा लहानसा प्लास दालियांस मिळून 1983 साली जागतिक वारसा यादीत गेले. प्लास दालियांसला वेळ असला तरच जा. त्यापेक्षा अँफिट्राइटच्या कारंज्याशेजारून पेपिनिएर बागेत जाता येतं, तिथे सावलीत बाकं आहेत.

आईबाबा बागेत बसले की तुम्ही ललितकला संग्रहालयात एक चक्कर मारा. मंगळवारी ते बंद असतं, त्यामुळे दिवस त्याप्रमाणे ठरवा. वरची चित्रं बघितली नाहीत तरी चालेल, तळघरात मात्र उतरा. तिथे दोम या नान्सीच्याच कारखान्याची रंगीत काच मांडली आहे, आणि त्या काचेच्या कपाटांमागे जी जाडजूड दगडी भिंत दिसते ती जुन्या तटबंदीची, ओसोंव्हिल बुरुजाची. वरच्या चौकात समोरच्या इमारती ज्याच्यासाठी ठेंगण्या ठेवल्या त्यातलाच हा एक बुरूज. काचेवरचा दिवा त्या दगडावर पडतो, आणि त्याला हात लावता येईल इतक्या जवळ तुम्ही उभे असता.