दादाचं चुकतंय, पण मला ते सांगता येत नाही

"माझं म्हणणं बरोबर असतं, पण वादात मीच हरते." समुपदेशनाला येणारी माणसं हे वाक्य वेगवेगळ्या शब्दांत बोलतात. कुणाला ऐनवेळी उत्तर सुचत नाही, कुणाचा आवाज भरून येतो, कुणाच्या विषयाला इतके फाटे फुटतात की मूळ मुद्दा काय होता हेच आठवत नाही. आज सांगतेय ती गोष्ट एका धाकट्या बहिणीची. ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.

त्यांच्या आईचं वय अठ्ठ्याहत्तर. वर्षभरापूर्वी रात्री बाथरूमला जाताना ती पडली, खुब्याचं हाड मोडलं, ऑपरेशन झालं. आता ती वॉकर घेऊन चालते. आई दादाकडे असते, बहीण दुसऱ्या गावी. रात्रीपुरती एक मदतनीस बाई ठेवावी, खर्च आपण करू, असं यांचं म्हणणं. दर रविवारी फोन व्हायचा आणि दर रविवारी भांडण.

पहिल्याच भेटीत त्यांनी पर्समधून घडी घातलेला कागद काढला. डावीकडे दादाची वाक्यं, उजवीकडे लाल पेनानं नावं. "तू लांब बसून सल्ले देऊ नकोस" याच्यासमोर 'व्यक्तिगत हल्ला'. "आज रात्रीची बाई, उद्या दिवसाची, परवा वृद्धाश्रम" याच्यासमोर 'घसरगुंडी'. "एकतर आपण करायचं, नाहीतर पैसे फेकून मोकळं व्हायचं" याच्यासमोर 'खोटी कोंडी'. ही तर्कदोषांची, म्हणजे युक्तिवादातल्या चुकांची नावं. त्या ती नेटवर वाचून शिकल्या होत्या, आणि खरं सांगायचं तर अचूक लावली होती.

"मग अडलं कुठे?" मी विचारलं.

"मी त्याला म्हटलं, दादा, हा स्लिपरी स्लोप आहे, घसरगुंडी. त्यानं फोन ठेवला. तीन आठवडे झाले."

मला हसू आलं, कारण हा उद्योग मीही केलाय. तर्कदोष नवे नवे शिकले तेव्हा घरात प्रत्येकाच्या वाक्याला नाव ठेवायचे. दोन दिवस अबोला सोसल्यावर सवय गेली. समोरच्याच्या बोलण्यात दोष सापडला की आपण जिंकलो असं वाटतं, पण त्यातून सिद्ध एवढंच होतं की त्यानं दिलेलं कारण कच्चं आहे. त्याचं म्हणणं चूक आहे हे त्यातून निघत नाही. एकीतून दुसरी पायरी कशी येते हे न सांगता दादा थेट वृद्धाश्रमात पोचला, हे खरंच. तरी बाई नको म्हणण्यामागे दुसरं एखादं भक्कम कारण असू शकतं, त्याला ते मांडता येत नसेल.

'व्यक्तिगत हल्ल्या'वर आम्ही जरा जास्त वेळ थांबलो. मी त्यांना विचारलं, "हीच सूचना डॉक्टरांनी केली असती, तर 'तू लांब राहतेस' या वाक्याचं काय झालं असतं?" "त्याला अर्थच उरला नसता," त्या म्हणाल्या. बरोबर. पण मग दुसरा प्रश्न: "आई रात्री किती वेळा उठते?" त्यांना सांगता आलं नाही. वर्षभरात त्या आईजवळ तीन रात्री राहिल्या होत्या. म्हणजे दादाचं वाक्य बोचरं होतं, पण अगदीच गैरलागू नव्हतं. बोलणाऱ्याकडे बोट दाखवणं नेहमीच तर्कदोष असतं असं नाही. त्या बोट दाखवण्याचा मुद्द्याशी संबंध आहे का, ते पाहावं लागतं.

मग मी कागद त्यांच्याकडे वळवला. त्यांचंही एक वाक्य त्यावर होतं, पण उजवी बाजू कोरी: "तुला तिची काळजी नाही, तुला फक्त लोकांत मिरवायचंय." दादा असं काही बोललाच नव्हता. या तर्कदोषाला बुजगावणं म्हणतात. समोरच्याचं खरं म्हणणं बाजूला ठेवायचं, त्याच्या जागी एक बुजगावणं उभं करायचं आणि त्याला बडवायचं. त्या बराच वेळ कागदाकडे बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "हे मी लिहिलं, पण मला दिसलं नाही."

नाहीच दिसत. पीटर वेसन या मानसशास्त्रज्ञानं १९६० साली एक साधा प्रयोग प्रसिद्ध केला. २-४-६ हे आकडे एका नियमात बसतात, तो नियम ओळखा. तुम्ही स्वतः तीन-तीन आकडे सुचवायचे, ते नियमात बसतात की नाही एवढंच सांगितलं जाईल. बहुतेकांच्या मनात 'दोन-दोननं वाढणारे' असं काहीतरी आलं, आणि त्याला पुष्टी देणारेच आकडे ते विचारत राहिले. खरा नियम होता, चढत्या क्रमाचे कुठलेही आकडे. आपला अंदाज खोटा ठरवू शकेल असं काही विचारून पाहणं माणसाला सहसा सुचत नाही. यांचा लाल पेनही वर्षभर दादाच्याच बाजूला फिरत होता.

आणि आता या प्रकरणातली मला सगळ्यात महत्त्वाची वाटलेली गोष्ट. दादा म्हणत होता, "मला माझ्या आईला सांभाळायचंय." यांचंही तेच, "आईला नीट सांभाळायला हवं." शब्द एक. दादाच्या लेखी सांभाळणं म्हणजे आईनं हाक मारली की आपण स्वतः उठणं. यांच्या लेखी, ती पुन्हा पडणार नाही अशी व्यवस्था करणं. दोघंही आपापल्या अर्थानं खरं बोलत होते आणि दोघांनाही समोरचा खोटारडा वाटत होता. न्यायसूत्रं हा आपल्याकडचा तर्कशास्त्राचा प्राचीन ग्रंथ. त्यावरच्या भाष्यात वात्स्यायनांनी वाक्छलाचं, म्हणजे समोरच्याच्या शब्दाचा भलताच अर्थ घेऊन त्याला खोडून काढण्याचं, उदाहरण दिलंय ते आठवलं. एक जण म्हणतो, 'हा मुलगा नवकंबल आहे', म्हणजे याच्याकडे नवी घोंगडी आहे. दुसरा 'नव'चा अर्थ नऊ असा घेतो आणि म्हणतो, याच्याकडे तर एकच घोंगडी आहे, नऊ कुठायत? तिथला दुसरा माणूस मुद्दाम शब्द पिळतो. घरातल्या भांडणात कुणी मुद्दाम करत नाही, म्हणून तर ते पकडता येत नाही.

पुढच्या भेटीत मी दादा झाले. नियम मानसशास्त्रज्ञ कार्ल रॉजर्स यांनी १९५१ सालच्या एका व्याख्यानात सुचवलेला: समोरच्याचं म्हणणं आणि भावना आधी आपल्या शब्दांत सांगायची, तो "हो, हेच" म्हणेपर्यंत स्वतःचं बोलायचं नाही. आपल्याकडे शास्त्रचर्चेत आधी पूर्वपक्ष, म्हणजे समोरच्याची बाजू, मांडायचे, ही त्याच जातीची शिस्त. ऐकायला सोपं आहे. त्यांचा पहिला प्रयत्न: "तुझं म्हणणं, बाई ठेवली तर लोक नावं ठेवतील." मी नकारार्थी मान हलवली. पुन्हा बुजगावणं. दुसरा: "तुला वाटतं की मी पैसे देऊन सुटतेय." जवळ, पण यात 'मी'च. तिसऱ्या वेळी त्या थांबत थांबत म्हणाल्या, "तुला वाटतं, आईनं रात्री हाक मारली तर तिथं आपलं माणूस हवं."

फोन त्यांनी रविवारी न करता शनिवारी सकाळी केला, दोघं दमलेले नसताना. हेच वाक्य म्हटलं. दादा गप्प. मग म्हणाला, "हं. पण तेवढंच नाही. ती पडली ना, त्या रात्री तिनं हाक मारली होती. मला जाग आली नाही."

हे लाल पेनानं कुठल्या दोषाखाली घालणार होतो आम्ही?

त्यानंतर त्यांनी पटवायचा प्रयत्न सोडला आणि आधी मोजायचं ठरवलं. दोन आठवडे दादानं वहीत लिहिलं, आई किती वाजता उठली, कोण उठलं. मग बाई आली, पण आठवड्यातून चारच रात्री, आणि बाकीच्या दादाच्या. बहिणीला अजूनही सातही रात्री हव्या आहेत. मला विचाराल तर त्यांचंच बरोबर असावं, पण ते ठरवणं माझं काम नाही.

(एक सांगायला हवं. समोरचा अपमान करायलाच बसला असेल, धमकावत असेल, तर त्याचा पूर्वपक्ष मांडत बसू नका. तिथून उठणं हेच शहाणपण.)

मागच्या महिन्यात त्यांचा मेसेज आला: "आज पुन्हा भांडलो. पण या वेळी शेवटपर्यंत विषय एकच होता."